जपानी घ्यावी का

पाऊस गेला की आमच्याकडं उन्हाळा पुन्हा एकदा डोकावून जातो. आश्विनातलं हे ऊन चैत्रासारखं कोरडं नसतं. जमिनीत अजून ओल असते, ती वाफ होऊन वर येते. पंख्याखाली बसलं तरी मानेवर घामाची रेघ येते, टोपलीतल्या कांद्यांना कोंब फुटतात, आणि दुपारी बाराच्या सुमाराला औरंगाबादमधली आमची सगळी गारखेड्याची वस्ती कुणीतरी झाकण ठेवल्यासारखी गप्प होते. दर वर्षी हे ऊन आलं की मीही जरा गप्प होते. घरात कुणाच्या ते लक्षात येत नाही. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही तसे कमीच बोलतो.

यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी यांना सकाळची दुसरी गोळी देत होते. हे म्हणजे माझे यजमान, सुधाकरराव. पस्तीस वर्षं होत आली लग्नाला, तरी माझ्या तोंडी त्यांचं नाव येत नाही. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. हात हलत होता, त्यामुळं चित्र काही दिसेना. मी त्यांचं मनगट धरलं, मग दिसलं. पत्र्याच्या शेडखाली एक मोटारसायकल उभी होती. टाकीचा रंग उडालेला, सीट फाटलेलं, पुढच्या चाकात हवा नाही.

"ओळखलीस का?" हे म्हणाले.

"ओळखली."

"आपली नाही ती. पण त्याच सालातली. बजाजनगरला आहे एकाकडं. विकायचीय त्याला."

मी म्हटलं, "आधी गोळी घ्या."

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, थोडं शर्टावर सांडलं. मी नॅपकिननं पुसलं. ते शर्टाकडं न बघता मोबाईलकडंच बघत होते. मग म्हणाले, "आपण घेऊ आणि नीट करू. पुन्हा होती तशी."

कंपवात होऊन त्यांना चार वर्षं झाली. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. पाणी मागतात, चष्मा मागतात, ते वेगळं. हवंय म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती नेमकी मला नको असलेली.

*

आमच्या घरात तिचं नाव 'जपानी' होतं. कंपनीचं नाव टाकीवर होतंच, पण गंगापूरला आम्ही ज्यांच्याकडं भाड्यानं राहायचो त्या म्हाताऱ्या मालकांना ते म्हणता येत नसे. ते विचारायचे, "डाक्टर, आज जपानी काढली नाय?" मग आम्हीही तेच म्हणू लागलो. शंभर सीसीची, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी हलकी गाडी. सुरू झाली की मागून निळसर धूर निघायचा आणि अंगणभर एक गोडसर जळका वास पसरायचा. तो वास मला नव्या संसाराचा वास वाटायचा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी औरंगाबादच्या कारकुनाच्या घरातली मुलगी, तोवर बैलाच्या पाठीला कधी हात लावला नव्हता.

हे डॉक्टर नव्हते. पशुधन पर्यवेक्षक होते, सरकारी दवाखान्यातले. पण गावोगाव लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे, आणि ते दुरुस्त करायच्या फंदात पडत नसत. त्या वर्षी पोळा झाला आणि गंगापूरच्या दक्षिणेला, नदीकडच्या गावांत लाळ-खुरकूत आली. जनावरांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या, जिभेला फोड, खुरांत जखमा. आजारी गावांच्या भोवतालच्या प्रत्येक गावात निरोगी जनावरांना लस टोचायची होती, तीही दिवाळीच्या आत. ऊसतोडीच्या बैलगाड्या निघायच्या त्याच सुमाराला, आणि त्या बैलांबरोबर रोगही कारखान्यांपर्यंत गेला असता. नेमका त्याच वेळी यांच्या हाताखालचा परिचर झाडावरून पडला आणि त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. बदली माणूस येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात उभे राहून लशीच्या डब्याकडं बघत होते. निळा, जाड भिंतींचा डबा, आत बर्फ, बर्फात लशीच्या बाटल्या. गाडीला मागं बांधला तर खडबडीत रस्त्यानं बाटल्या फुटायच्या. कुणीतरी तो मांडीवर धरून बसायला हवं होतं.

"मी येते," मी म्हटलं.

"दिवसभर?"

"इथं बसून तरी काय करते?"

असे आम्ही दीड महिना फिरलो. रोज सकाळी सातला बाजारपेठेतल्या बर्फाच्या कारखान्यावर जायचं, डबा भरायचा, आणि मी तो मांडीवर घेऊन जपानीवर एका बाजूनं बसायची. त्या दिवसांचं माझं शरीर मला अजून आठवतं. डोक्यावर आश्विनातलं ऊन, पदर तापलेला, आणि मांडीवर मात्र बर्फाचा गारवा. झाकणाच्या फटीतून पाणी झिरपायचं, लुगड्यातून पायांवर उतरायचं. वरून भाजतेय आणि खालून काकडतेय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तरवड पिवळाजर्द फुललेला. कपाशीची पहिली बोंडं फुटून शेतात पांढरे ठिपके पडलेले. कुठं सोयाबीन मळायला टाकलेलं, त्याचा भुसा उडून घामावर चिकटायचा. गावात शिरलो की कुत्री आधी येत, मग पोरं, मग माणसं. मारुतीच्या पारापाशी जनावरं बांधून ठेवलेली असत. शिंगांवर पोळ्याचा रंग अजून होता, हिंगुळाचा, निळा, पण फिकटलेला. मी सिरिंज भरून द्यायची, हे टोचायचे. पाच-सहा दिवसांत माझा हात इतका बसला की बोलायची गरज पडेना. ते हात मागं करायचे आणि भरलेली सिरिंज हातात असायची.

दुपारी कुणाच्या तरी शेतात भाकरी खायची. ठेचा, कांदा, कधी कुणी दह्याची वाटी आणून ठेवायचं. खाल्लं की हे जपानीच्या सावलीत डोकं टेकून दहा मिनिटं झोपायचे. गाडीची सावली ती केवढी. डोकं तेवढं सावलीत, बाकी अंग उन्हात. मी डब्याला टेकून बसायची आणि त्यांच्याकडं बघायची. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस कधी थकतच नाही.

*

आता थकण्याबद्दल मला बरंच कळतं. गोळ्या दिवसातून पाच वेळा, आणि वेळ चुकवून चालत नाही. शर्टाची बटणं मी लावते, चपलेचा पट्टा मी लावते. उंबऱ्याशी आले की त्यांचे पाय थबकतात, जमिनीला चिकटल्यासारखे. तेव्हा ओढायचं नसतं. मी पुढं उभी राहून "एक, दोन" म्हणते, मग पाय सुटतो. चार वर्षांत मी किती वेळा एक-दोन म्हटलं असेल, त्याला गणती नाही. शाळेत एकवीस वर्षं मी पहिलीच्या मुलांना शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता एक-दोन सुटलं.

लोक म्हणतात, तुम्ही किती प्रेमानं करता हो सगळं. प्रेम असतंच, पण दुपारी तीन वाजता पाठ ताठरते, तेव्हा प्रेम कुठं असतं ते मला सांगता येत नाही. तेव्हा फक्त झोप हवी असते. आडवं व्हावं आणि कुणी हाक मारू नये, एवढंच.

आणि यांना मोटारसायकल हवी होती.

मी पुण्याला लेकीला, श्वेताला, फोन केला. खरं म्हणजे तिनं नाही म्हणावं, म्हणून केला.

"आई, बाबा ती चालवणार आहेत का?"

"नाही गं. चालवतील कशी?"

"मग कशाला? पार्किंगमध्ये उभी करायला?"

"तेच म्हणते मी."

"तू सांग ना त्यांना स्पष्ट."

"तू सांग."

ते तिनं सोडून दिलं. मग म्हणाली, "तुझ्या मनात काय आहे?" मी म्हटलं, कुकरची शिटी होतेय, नंतर बोलते. कुकर गॅसवर नव्हताच.

माझ्या मनात काय आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. यांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांना माहीत होतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

*

त्या दीड महिन्यातली एक संध्याकाळ हे अजून लोकांना सांगतात. कंप सुरू झाल्यापासून बोलणं जरा अडखळतं, पण ही गोष्ट सांगताना फारसं अडखळत नाही.

धरणाच्या फुगवट्याकाठचं गाव होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथल्या बैलगाड्या ऊसतोडीला निघणार होत्या, त्यामुळं सगळे बैल एका दिवसात टोचणं भाग होतं. लिंबाजीबापू म्हणून एक शेतकरी होते, त्यांची लाल कंधारी जोडी. एक बैल शांत उभा राहिला, दुसऱ्यानं सुई लागताच लाथ झाडली. यांनी डावा हात आडवा घातला आणि लाथ मनगटावर बसली. आवाज मला ऐकू आला.

"डाक्टर, बसा, बसा खाली," लिंबाजीबापू म्हणाले.

"बसतो नंतर. किती राहिलेत?"

"असतील पंधरा-ईस. राहू द्या आता. लई लागलंय तुमाला."

"उद्या तुमचे बैल जातील. मग मी कुठं शोधू?"

बापूंच्या बायकोनं चुलीवर हळद-चुना गरम करून आणला, मनगटाला लावला आणि जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधलं. मग यांनी उजव्या हातानं उरलेले सगळे बैल टोचले. घाम नाकावरून ठिबकत होता. मी सिरिंज भरून देत होते.

संपलं तेव्हा दिवस कलला होता. गंगापूर चौदा किलोमीटर. भाड्याची जीप निघून गेलेली, एसटी तिथं येतच नव्हती. गावात मोटारसायकल चालवणारा एकच, तो लासूरला गेलेला. आणि डाव्या हातानं क्लच दाबता येईना. बोटं मिटतच नव्हती.

"तू मागं बस," हे म्हणाले. "दोन्हीकडं पाय टाकून बस. हात पुढं घे. क्लच तू दाब."

"मी?"

"मी सांगीन तेव्हा दाबायचा, सांगीन तेव्हा सोडायचा. हळू सोडायचा, बास."

गावातल्या बायांसमोर मी लुगडं आवरून दोन्हीकडं पाय टाकून बसले. डबा मागं सुतळीनं बांधला. मी त्यांच्या डाव्या बगलेखालून हात पुढं घातला आणि क्लच धरला. पहिल्यांदा मी एकदम सोडला, गाडी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. पोरं हसायला लागली. लिंबाजीबापू पोरांवर खेकसले. तिसऱ्यांदा गाडी निघाली.

चौदा किलोमीटर. "दाब," ते म्हणायचे, पाय गिअरवर पडायचा. "सोड." खड्डा आला, "दाब." बैलगाडी आडवी आली, "दाब, दाब." माझा गाल त्यांच्या पाठीला चिकटलेला, समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त त्यांचा आवाज पाठीतून ऐकू येत होता. निम्म्या वाटेवर त्यांनी सांगायचं थांबवलं. इंजिनाच्या आवाजावरून मलाच कळायला लागलं होतं. फुगवट्याच्या पाण्यावर सूर्य बुडत होता म्हणे. ते त्यांनी पाहिलं. मी त्यांच्या शर्टाची शिवण पाहिली.

ही गोष्ट हे इथं संपवतात. ऐकणारे हसतात, "वहिनी, तुम्ही पण ना" म्हणतात. मी चहा टाकायला उठते.

कारण माझी गोष्ट तिथं संपत नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी, दिवाळीच्या आधी, माझं पोट पडलं. तिसरा महिना होता. मला दिवस गेलेत हेच मला नीट कळलं नव्हतं. पाळी चुकली ती उन्हामुळं, दगदगीमुळं, असं मी धरून चालले होते. औरंगाबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "पहिल्या खेपेला होतं असं पुष्कळांचं. गाडीमुळंच झालं असं नाही म्हणता येत." सासूबाई सोयगावहून आल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाईमाणसानं काय बैलं टोचत फिरायचं असतं का?" रागानं नाही म्हणाल्या. पण म्हणाल्या.

हे काहीच बोलले नाहीत. हात प्लॅस्टरमध्ये घेऊन ते दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस ऑफिसातून चालत घरी आले. जपानी विकली होती. "का?" मी विचारलं. "जुनी झाली होती," ते म्हणाले. जुनी झालेली नव्हती. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. चार वर्षांनी श्वेता झाली, बदल्या झाल्या, मला नोकरी लागली, शहरात घर झालं. बोलायचं राहून गेलं, आणि राहून गेलेलं नंतर काढायचं कसं ते कळेना.

*

सहा दिवस हे गाडीबद्दल काही बोलले नाहीत. हट्ट केला असता तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त मोबाईल उघडायचे, चित्र बघायचे, ठेवून द्यायचे. सातव्या दिवशी मीच म्हटलं, "बघून तर येऊ."

रहीमभाईंना बरोबर घेतलं. रोशन गेटच्या अलीकडं त्यांचं छोटं गॅरेज आहे. यांच्या स्कूटरचं काम वीस वर्षं त्यांनीच केलं. साठीचे, दाढी मेंदीनं लाल, कमी बोलणारे. रिक्षात हे मध्ये, मी एका बाजूला, रहीमभाई दुसऱ्या. नगर नाका ओलांडला, छावणी मागं पडली, आणि वाळूजच्या रस्त्याला कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली. पहिली पाळी सुटली होती.

विकणारा चाळिशीतला होता, एका कंपनीत फिटर. गाडी त्याच्या वडिलांची. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गाव गंगापूरकडंच, पण आता सगळे बजाजनगरलाच.

"तात्या लई जपायचे तिला," तो म्हणाला. "त्यांच्या माघारी कुणी हातच लावला नाय. आमाला येतीय कुठं ही चालवायला. पोरगं म्हणतं, आवाज लई करती."

"मग ठेवा की," मी म्हटलं.

"जागा नाय, काकू. किती दिवस ठिवावी?"

शेडपाशी उंबरठ्यासारखा फरशीचा काठ होता. यांचे पाय तिथं अडले. मी पुढं होऊन एक-दोन म्हणणार, तेवढ्यात त्यांनी गाडीच्या टाकीवर हात टेकला आणि आपोआप आत गेले. मी ते पाहिलं. रहीमभाईंनीही पाहिलं.

रहीमभाईंनी किक मारायचा प्रयत्न केला. किक जागची हलेना. खाली बसून त्यांनी इंजिनाला कान लावला, प्लग काढून आत टॉर्च मारला, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मग उठून हात पुसत म्हणाले, "इंजन जाम है साब. टाकी अंदरसे सडेली है. वायरिंग चूहे खा गए. पन चेसिस सीधी है, पुर्जे सब असली हैं. मेहनत बहोत है. होने को हो जाएंगी."

"चलेगी?" यांनी विचारलं.

"गाडी चलेंगी," रहीमभाई म्हणाले, आणि प्लग परत बसवायला वाकले.

हे गाडीवर बसले. आम्ही दोघांनी धरून बसवलं. स्टँडवर होती, तरी डुगडुगली. त्यांनी उजवा हात अॅक्सिलेटरवर ठेवला. तो हलत राहिला, नुसताच. मग डावा क्लचवर. तार गंजलेली होती, क्लच दाबला गेला नसता कुणाच्यानं. पण त्यांनी दाबायचा प्रयत्नच केला नाही. नुसती बोटं ठेवली. बराच वेळ तसे बसून राहिले. फिटर अवघडून मोबाईल बघायला लागला.

"उतरतो," हे म्हणाले. उतरवलं.

परत येताना रहीमभाई स्टेशनपाशी उतरले, त्यांना स्पेअर पार्ट घ्यायचे होते. रिक्षावाल्यालाही चहा प्यायचा होता. आम्ही दोघं रिक्षातच बसून चहा घेतला. यांचा कप मी धरला होता. ऊन तिरपं झालं होतं, तरी रिक्षाचा टप तापलेला होता.

"नको घ्यायला," हे म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी विचारलं, "का?"

"तुला ती नकोय."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे?" त्यांनी चहाचा घोट घेतला. मग थांबत थांबत म्हणाले, "तेव्हा विकली ना मी... तुझ्यासाठी विकली असं तुला वाटत असेल. तुझ्यासाठी नाही विकली. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. मीच तुला बसवलं होतं तिच्यावर."

इतक्या वर्षांत त्याबद्दलचं हे पहिलं वाक्य. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी क्रिकेटवर बोलत होता.

"मी आपण होऊन बसले होते," मी म्हटलं. "मीच म्हटलं होतं, मी येते."

"मी नाही म्हणायला हवं होतं."

"मला कुठं माहीत होतं? तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

"आई म्हणाली तेव्हा मी गप्प बसलो."

"हो," मी म्हटलं. "ते बसलात."

ते रडले नाहीत, मीही नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं. पण मला एकदम खूप थकवा आला. ओझं उतरवलं की खांदे जास्त दुखतात ना, तसा. मी कप खाली ठेवला. थोड्या वेळानं विचारलं, "मग आता कशाला हवी होती?"

"त्या दीड महिन्यात आपण चांगलं काम केलं," हे म्हणाले. "शेवटी वाईट झालं. पण त्याआधी दीड महिना चांगला होता. तो मी विकून टाकला. तुझाही विकला. तुला न विचारता."

*

दोन दिवस मी विचार केला. पैशाचा प्रश्न नव्हता, तेवढं आमच्याकडं आहे. त्या गाडीकडं मला बघवेल का, हा प्रश्न होता. पण रिक्षातल्या त्या चहानंतर तो पूर्वीएवढा उरला नव्हता. आणि खरं सांगायचं तर दुसरीच एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. ती सांगायला जरा लाज वाटते.

गाडी नीट करायला महिने लागणार होते. गाडी रहीमभाईंच्या गॅरेजात असणार. हे रोज तिथं जाऊन बसणार, हे कर, ते कर, हा बोल्ट असा नव्हता, असं सांगत. म्हणजे रोज दुपारी दोन-तीन तास हे घरात नसणार.

मी हो म्हटलं त्यात हा हिशेब होता. श्वेताला मी सांगितलं, बाबांना विरंगुळा. ती म्हणाली, "आई, तू किती करतेस त्यांच्यासाठी." या खेपेला मी तिला खरं सांगून टाकलं. म्हटलं, "मला दुपारची झोप हवीय गं." ती आधी हसली, मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, दिवाळीला लवकर येते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जपानी रहीमभाईंच्या दारात उतरली. हे शेजारी खुर्चीवर बसले होते, मांडीवर फडकं, फडक्यावर सुटे केलेले नटबोल्ट. बोटांना कंप होता, पण नट चाळायला कंप चालतो. मी रहीमभाईंना बाजूला घेतलं.

"किती दिवस लागतील?"

"साब का शौक है, भाभी. दूसरे काम बाजू में रखतूं. एक महिने में खडी कर देतूं."

"नका करू."

ते माझ्याकडं बघायला लागले.

"सावकाश करा," मी म्हटलं. "चार महिने लागू द्या. सहा लागले तरी चालतील. दुपारी दीडला मी यांना आणून सोडते, साडेचारला न्यायला येते. मधली गोळी खिशात असते, तीन वाजता तेवढी द्या."

रहीमभाईंनी वळून यांच्याकडं पाहिलं. आत यांच्या हातून एक नट घरंगळला. तो कुठं गेला ते शोधायला हे वाकले, आपले आपण, आणि सापडल्यावर उठून बसले.

"मेरी घरवाली आठ साल बिस्तर पे थी," रहीमभाई म्हणाले. "हौ भाभी. आप जाके सो जाव."

मी घरी आले आणि झोपले. खिडकीतून ऊन पायावर येत होतं, पडदा ओढायचंही त्राण नव्हतं. जाग आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. क्षणभर घाबरले, कुणी हाक कशी मारली नाही म्हणून. मग आठवलं. तोंडावर पाणी मारून रिक्षा केली.

आता रोजचं हेच चाललं आहे. उन्हाचा कडकपणा उतरलाय, पहाटे पंखा बंद करावा लागतो. काल यांना आणलं तेव्हा हात मनगटापर्यंत काळे होते, नखांत ग्रीस. बेसिनपाशी उभं करून मी हातांना साबण लावत होते.

"आज काय केलंत?"

"कार्बोरेटर खोलला."

"मग?"

"साफ केला. परत बसवला." ते नळाच्या धारेकडं बघत होते. "उद्या पुन्हा एकदा खोलून बघू म्हटलं."

"साफ झाला ना एकदा?"

"झाला," हे म्हणाले. "पण घाई काय आहे?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते नखं घासत होते. मी साबण पुढं केला.